कोमट पाण्यात शिकलेलं नौदल

“आधी बूट काढा, मग देशाचं बघू.”

उलबोसिनबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्यासमोर अडतीस पोरं रांगेत उभी होती आणि राष्ट्रगीत नुकतंच संपलं होतं. जहाजं अजून यायची होती. म्हणून अकजार शहराच्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर, उडी मारायच्या फळीला झेंडा बांधून, नव्या देशाच्या नव्या नौदलाचा पहिला समारंभ उरकला होता. तलावातून वाफ निघत होती. त्या काळी शहराचं सगळं पाणी समुद्रातून उपसून, अणुभट्टीच्या आचेवर उकळून, मीठ काढून यायचं. त्यामुळे बाहेर गवताची काडी उगवत नसली तरी तलाव बारा महिने कोमट असायचा.

पोरांनी बूट काढले. सगळी स्टेपच्या गवताळ माळावरची, घोड्यामेंढ्यांतली पोरं. अडतिसातल्या एकतिसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आदल्या दिवशी, बसच्या खिडकीतून. येर्केगली त्यांतला एक. तो शिडीची दांडी अशी धरून उभा होता, जशी उधळलेल्या घोड्याची मान धरावी.

“नाव?”

“येर्केगली, बाई.”

“गाव?”

“तोर्गायकडचं.”

“तिकडं पाणी कुठं असतं रे?”

“विहिरीत.”

“किती खोल?”

“ते बादलीला माहीत, बाई.”

रांग हसली. बाई हसल्या नाहीत. “बरं. आज बादलीच्या जागी तू,” म्हणाल्या, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्यांनी त्याला आत ढकललं. तो बुडाला, वर आला, ओरडला, पुन्हा बुडाला. बाई काठावर उकिडव्या बसून शांतपणे बघत होत्या. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्यांनी त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली. “भांडू नकोस त्याच्याशी. ते तुझ्याहून म्हातारं आहे. उताणा हो. कान भिजू दे. ऐकू येतंय काही?”

“नाही!”

“मग गप्प पड.”

तो गप्प पडला, आणि तरंगला. आज शेहेचाळिसाव्या वर्षी, खांद्यावर कप्तानाच्या पट्ट्या असताना, आयुष्यात आपल्याला नक्की काय शिकवलं गेलं असं कुणी विचारलं तर येर्केगलीला तेवढंच आठवतं: भांडू नकोस, गप्प पड. त्यातला दुसरा भाग आपण फारच चांगला शिकलो, हे त्याला कळायला सत्तावीस वर्षं लागली.

बाईंचं नाव ऐकून नवखी पोरं आपसात हसायची. चार मुलींवर पाचवीही मुलगी झाली तेव्हा ‘आता तरी मुलगा होऊ दे’ अशा अर्थाचं ठेवलेलं ते नाव. बाप सीलच्या शिकारीला हिवाळ्यात कॅस्पियनच्या बर्फावर जायचा. मुलगा झालाच नाही, तेव्हा त्यानं हिलाच कमरेला दोर बांधून बोटीमागून समुद्रात सोडलं. दोराचं दुसरं टोक त्याच्या मुठीत. “बुडाले तर बाप ओढणार, एवढं ठाऊक असलं की माणूस पोहतो,” बाई सांगायच्या. पुढं त्या जिल्ह्यासाठी पोहल्या, मग तेव्हाच्या राजधानीत, आल्मा-आताला जाऊन प्रजासत्ताकासाठी. एकदा आठशे मीटरला तिसऱ्या आल्या. पदक घेताना बातमीदारानं विचारलं, सराव कुठं करता? त्या म्हणाल्या, बापाच्या मागं. छापून आलं ते वेगळंच, पक्षाचे आभार वगैरे. लग्न झालं ते मासे डबाबंद करायच्या कारखान्यातल्या फिटरशी. तो लवकर गेला. मुलगी उत्तरेत रेल्वेवाल्याच्या घरी. बाई शहराच्या तलावावर बालवाडीची पोरं आणि कंबरदुखीच्या बायका पोहायला शिकवत राहिल्या. मग तो जुना मोठा देश फुटला, आणि एके दिवशी दोन अधिकारी येऊन म्हणाले, आम्हांला नौदल काढायचंय, पण आमच्या खलाशांना पोहता येत नाही.

“जहाजं आहेत?” बाईंनी विचारलं.

“येतील.”

“समुद्र?”

अधिकारी गोंधळले. “समुद्र तर आहेच की!”

“बरं झालं. मला वाटलं तोही मागवलाय.”

त्यांना नौदलाचं कौतुक नव्हतं. त्यांच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी नौदल पहिल्यांदा पाहिलं होतं ते तोफेच्या तोंडाकडून. झारची गलबतं पलीकडच्या तीरावरून शिपाई आणि तोफा घेऊन आली, तेव्हा त्यांची पणजी तान्ह्या पोराचं तोंड दाबून तीन दिवस घळीत बसली होती. मग लाल ताऱ्याचं आरमार आलं. त्याचं मुख्य बंदर समोरच्या बाजूला; या बाजूच्या लोकांच्या वाट्याला भोंगा आणि तेलाचा तवंग. त्या आरमाराची वाटणी झाली तेव्हा अकजारला आल्या सहा जुन्या गस्ती बोटी. दोन चालत्या, चार ओढत्या. पण बाईंनी हो म्हटलं. का म्हटलं, असं येर्केगलीनं एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही असंही पाण्यावर जाणारच होता. नौदल देशाचं असतं रे, बुडतो तो कुणाचा तरी पोरगा असतो.”

वर्षभरात अडतीसच्या अडतीस पोरं पोहायला लागली. सगळ्यांत सुरेख पोहायचा तो कुआन्दिक. खारट दलदलीकडच्या कुठल्याशा वस्तीवरचा, लांब हातांचा, कान बाहेर आलेला पोरगा. तो पाण्यात शिरला की आवाज व्हायचा नाही. बाई सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. त्याला बघून त्या नुसत्या घड्याळ बंद करत. येर्केगलीची आणि त्याची खाट शेजारी. कुआन्दिक रात्री झोपेत पाय मारायचा.

आणि मग नौदल बंद केलं.

असं होऊ शकतं हे येर्केगलीला माहीत नव्हतं. दुकान बंद होतं, शाळा बंद होते; नौदल कसं बंद होतं? राजधानीत एका कागदावर सही झाली. बोटी सरहद्दीच्या पहारेकऱ्यांना द्यायच्या की भंगारात, ते ठरेना. अधिकारी पांगले. पोरांना घरी पाठवलं. पण बोटी राखायला कुणीतरी हवं म्हणून चौदा जणांना ठेवून घेतलं. ठेवलं म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही. ती नौदलात नव्हती, कारण नौदल नव्हतं. पायदळात नव्हती, कारण तशी बदली नव्हती. घरीही जाऊ शकत नव्हती, कारण सेवेतून सुटकेचा दाखला द्यायचं कार्यालयच उरलं नव्हतं. अंगावर गणवेश, टोपीवर नांगर, आणि नांगराखाली काही नाही. बाई बालवाडीच्या स्वयंपाकघरातून रव्याची लापशी आणि तळलेले पिठाचे गोळे डब्यातून आणायच्या. “खा रे, बेवारशांनो,” म्हणायच्या.

डिसेंबरातली दुपार होती. वारा उत्तरेचा. पाचव्या बोटीचा दोर तुटला आणि ती धक्क्यावरून हलत बाहेर, तेलवाहू जहाजाच्या वाटेवर निघाली. बोट गेली असती तर काय झालं असतं? भंगारात एक कमी. पण पोरांना राखायला सांगितलं होतं, आणि त्यांना राखण्याखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. कुआन्दिकनं धक्क्यावर बसून बूट काढले, नाड्या आत खोचल्या, दोन्ही बूट जोडीनं ठेवले, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक येर्केगलीच्या हातात दिलं.

“सोडू नकोस हं, बादली,” म्हणाला. त्या पहिल्या दिवसापासून तो त्याला बादलीच म्हणायचा.

तो सरळ रेषेत पोहत गेला. अर्ध्यावर गेल्यावर त्याचे हात थांबले. ओरडला नाही, धडपडला नाही. हात पसरून उताणा झाला, शिकवलं होतं तसा, आणि तसाच खाली गेला. येर्केगलीनं ओढलं. बर्फ धरलेला दोर त्याच्या तळव्यांची साल घेऊन सुटला. मग तिघांनी मिळून पकडून ओढला. वर आलं ते जड होतं.

बाई आल्या. पोराजवळ बसल्या, त्याचा हात हातात घेऊन बोटं चोळू लागल्या, अजून उपयोग असल्यासारख्या. मग येर्केगलीकडे न बघता म्हणाल्या, “कोमट पाण्यात शिकवलं मी तुम्हांला. कोमट पाण्यात. कसलं नौदल शिकवलं मी?”

आठ दिवसांनी कुआन्दिकची आई आली. शारिपा तिचं नाव. दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून, उंटाच्या लोकरीची शाल पांघरून. धक्क्यावर उभं राहून तिनं मुलाचं नाव घेतलं, मग बापाचं, आजाचं, असं करत सात पिढ्या वर गेली. वाऱ्यात तिचा आवाज नीट ऐकू येत होता. मग बाईंना विचारलं, “चांगला पोहायचा का हो?” बाई म्हणाल्या, “माझ्याहून चांगला.” ती म्हणाली, “आमच्याकडे कुणाला येत नाही.” आणि त्या दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

शव घेऊन ती परत गेली. सोबत सैनिक नाही, झेंडा नाही, कागद नाही. चौकशीला आलेल्या माणसानं दाखल्यावर लिहिलं: ‘नागरिक. पोहताना अपघात.’ डिसेंबरात, उत्तरेच्या वाऱ्यात, एक नागरिक पोहायला उतरला! कोठारवाल्यानं मात्र बुटांवरचा शिक्का बघून ते परत जमा करून घेतले. बूट नौदलाचे होते. पोरगा कुणाचा नव्हता.

त्याच चौकशीवाल्यानं येर्केगलीपुढे एक कागद सरकवला होता. “सही कर. घरी जायचा दाखला लगेच देतो.” कागदावर लिहिलं होतं की घटनेच्या वेळी मी व मयत कुठल्याही सेवेत नव्हतो, स्वखुशीनं धक्क्यावर होतो. येर्केगलीच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. वीस वर्षांचा होता. घरची लापशी, घरचा धूर एवढंच मनात होतं. पेन दोन पट्ट्यांमध्ये धरून त्यानं सही केली. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही. बाईंना तर नाहीच.

काही वर्षांनी नौदल पुन्हा काढलं. या वेळी खरी जहाजं, खरी शाळा, समुद्रात तेल सापडलेलं, त्यामुळे राखायला काहीतरी होतं. येर्केगली परत आला. का आला ते त्याला सांगता आलं नसतं. बाईही आल्या, पण एका अटीवर: पोरं समुद्रात शिकतील, नोव्हेंबरात. अधिकारी म्हणाले, न्यूमोनिया होईल. बाई म्हणाल्या, “न्यूमोनियाला औषध आहे.” सोळा वर्षं दर नोव्हेंबरात त्या आधी स्वतः उतरायच्या आणि मग काठावरच्यांना शिव्या घालायच्या. “या रे, मेंढरांनो! खाटीक आत नाही, मी आहे!” पोरांच्या कमरेला दोर असायचा, आणि सगळ्या दोरांची टोकं त्या स्वतः तपासायच्या.

एका फेब्रुवारीत उत्तरेकडे बर्फाचा तुकडा सुटून अकरा कोळी समुद्रात वाहत गेले. येर्केगलीची बोट गेली. त्याचे चार खलाशी पाण्यात उतरून एकेकाला घेऊन आले, अकराच्या अकरा. नौदल कशासाठी असतं असं शाळेतली मुलं विचारतात तेव्हा तो संचलन, क्षेपणास्त्रं, सागरी सीमा असं सगळं सांगतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो बर्फावर बसलेला एक म्हातारा कोळी, जो वाचवायला आलेल्यांना म्हणाला होता, “इतका उशीर? चहा गार झाला.”

या सगळ्या वर्षांत बाई अर्ज लिहीत होत्या. एकच मागणी: कुआन्दिक सेवेत असताना गेला असं लिहून द्या. उत्तरं यायची. त्या वर्षी सदर दल अस्तित्वात नव्हते. अस्तित्वात नसलेल्या दलात कुणी मृत्यू पावू शकत नाही. बाईंनी एकदा उलट विचारलं होतं, मग अस्तित्वात नसलेल्या दलाच्या बोटी कुणी राखल्या? शारिपा तोवर वारली. वारायच्या आधी तिनं निरोप पाठवला होता: “दगडावर कुठंतरी नाव लिहा. माझ्या दगडावर नको, तुमच्या.”

दुसऱ्या नौदलाला वीस वर्षं झाली तेव्हा गौरव समिती नेमली. सेवेत गेलेल्यांचं काळ्या दगडाचं स्मारक, तीनशे माणसांचं जेवण आणि एक जाडजूड पुस्तक. पुस्तकात दोन हजार वर्षांचा इतिहास होता: शकांच्या कातडी नावा, खानांचे नदीतले तराफे, रेशीम वाहणारी गलबतं. दोन हजार वर्षं होती. फक्त नौदल बंद होतं ती सहा वर्षं नव्हती. येर्केगली समितीचा चिटणीस होता. अध्यक्ष येसेंगेल्दी, निवृत्त बडे कप्तान. बाईंकडे कधी पोहायला न आलेले.

“बाईंना आणा,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांच्या हातून आशीर्वाद होऊ दे. मानाचं मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढे ठेवू.”

“बाईमाणसापुढे डोकं?” कुणीतरी म्हणालं.

“काळ बदललाय. फोटो चांगला येतो.”

येर्केगलीनं घसा साफ केला. “साहेब, त्या एकच गोष्ट विचारतील. कुआन्दिकचं नाव.”

“ते वर्ष मोजणीत नाही.”

“पण माणूस होता, साहेब. मी तिथंच होतो.”

“तेच तर!” अध्यक्षांनी खण उघडला. इतक्या वर्षांचा पिवळा कागद, वर थरथरती सही. “ही कुणाची? साक्ष बदलायची असेल तर बदल. लिहून दे की तेव्हा खोटं लिहिलं. मग खोटी साक्ष देणाऱ्यानं इतकी वर्षं पट्ट्या कशा लावल्या, ते विचारायला वरून माणसं येतील. मी अडवणार नाही.”

येर्केगलीला निवृत्तीला दोन वर्षं होती. कागदाकडे बघत तो म्हणाला, “बघू, साहेब.”

त्याला आज स्वतःचा सगळ्यांत जास्त राग येतो तो त्या ‘बघू’साठी.

बाई तेराव्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर राहायच्या. त्र्याहत्तराव्या वर्षीही जिना चढायच्या, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस आवाजावरून ओळखायच्या. त्यांनी उंटिणीच्या आंबट दुधाचा वाडगा पुढं केला.

“बस, बादली. लठ्ठ झालास. पावलं जड पडतायत.”

“पट्ट्यांचं वजन, बाई.”

“उताणा तरी होता येतं का अजून?”

तो हसला. मग आमंत्रण वाचून दाखवलं. मानाचं आसन, आशीर्वाद, मेंढ्याचं डोकं.

“मी काय तुमच्या सजावटीतला गालिचा आहे?” बाई म्हणाल्या. “दगडावर नाव आहे का त्याचं?”

वाडगा हातात होता. दूध आंबट होतं, थंड होतं. खाली अंगणात कुणीतरी सतरंजी झटकत होतं. नाही म्हणायला फार हिंमत लागत नव्हती. नुसतं नाही म्हणायचं होतं. पण मग नाव का नाही, तेही सांगायला लागलं असतं. आणि बाईंना वाचता कुठं येतं आता?

“आहे,” येर्केगली म्हणाला.

बाईंनी उठून चाचपडत कपाट उघडलं आणि पांढरा रुमाल बाहेर काढला, लग्नाकार्याला डोक्याला बांधतात तसला. “इस्त्री करून दे मला. मला आता चुण्या दिसत नाहीत,” म्हणाल्या. येर्केगलीनं इस्त्री केली. कप्तान, सेवापदकांचा धनी, चौथ्या मजल्यावर उभा राहून पांढऱ्या रुमालावर इस्त्री फिरवत होता, आणि त्याला स्वतःच्या तोंडावर ती इस्त्री ठेवावीशी वाटत होती.

समारंभाच्या दिवशी ऊन लख्ख होतं. स्मारकापुढे गालिचा, बँड, पाहुणे. येर्केगली बाईंना हात धरून घेऊन आला. त्याचा बेत साधा होता: दगडापुढून चटकन न्यायचं, फुलं ठेवायची, आत मंडपात. फुलं ठेवून झाली. बाईंनी हात सोडवून घेतला.

“बाई, चला. सगळे थांबलेत.”

“थांबू दे.”

त्या दगडाजवळ गेल्या आणि दोन्ही तळहात दगडावर टेकवले. येर्केगलीला तेव्हा कळलं. अक्षरं कोरलेली होती. बाई बोटांनी वाचत होत्या. पहिलं नाव, सावकाश, एकेक अक्षर. दुसरं. बँडवाल्यांना थांबायची खूण गेली. तिसरं, चौथं. अकरा नावं होती. अकरावं संपल्यावर त्यांची बोटं खाली गेली, गुळगुळीत दगडावर. आणखी खाली, पायथ्यापर्यंत. मग उजवीकडच्या कडेनं वर. मग त्या दगडाला वळसा घालून मागं गेल्या आणि मागची बाजूही चाचपली, जणू जागा अपुरी पडली म्हणून कुणी मागं कोरलं असेल.

“अकराच आहेत,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष पुढं झाले, हसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: “आजी, ते जुनं प्रकरण ना? त्याचा निकाल तेव्हाच लागलाय. आपल्या येर्केगलीनंच लिहून दिलंय, तो पोरगा सेवेत नव्हता म्हणून. सही आहे त्याची. विचारा त्याला.”

बाईंनी मान वळवली, अध्यक्षांच्या आवाजाच्या दिशेला नाही, येर्केगलीच्या श्वासाच्या दिशेला. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं.

“बाई, मी वीस वर्षांचा होतो,” तो म्हणाला.

“तोही होता,” बाई म्हणाल्या.

तेवढंच. कुणीतरी त्यांचा दंड धरून त्यांना मंडपात नेलं. त्यांनी विरोध केला नाही. मंडपाच्या वरच्या टोकाला, सगळ्यांत मानाच्या जागी, त्यांना बसवलं. पाठीशी मखमली लोड, खांद्यावर जरीचा अंगरखा घातला. टेबलांवर पिठाच्या रुंद चकत्यांवर रचलेलं घोड्याचं मटण वाफाळत होतं. तीनशे माणसं भुकेली होती. एक अधिकारी तबकात मेंढ्याचं उकडलेलं डोकं घेऊन आला आणि थोबाड बाईंकडे करून त्यानं ते पुढ्यात ठेवलं. शेजारी सुरी. पाहुण्यानं डोक्याचा पहिला तुकडा कापल्याखेरीज आणि आशीर्वाद दिल्याखेरीज त्या मंडपात कुणालाही घास उचलता येत नव्हता. हे लहान पोरालाही माहीत होतं, सेनापतीलाही.

“आमच्या नौदलाची आई,” अध्यक्ष ध्वनिक्षेपकात म्हणाले, “आता आम्हांला आशीर्वाद देईल.”

तीनशे माणसांनी दोन्ही तळहात छातीपुढे उघडे धरले. येर्केगलीनंही धरले. त्याच्या तळव्यांवरची ती दोराची रेघ अजून पांढरी होती.

बाईंनी हात वर केले. मंडप इतका शांत झाला की बाहेरच्या झेंड्याची दोरी काठीवर आपटताना ऐकू येत होती. हात छातीपर्यंत आले. मग त्यांचे पंजे हळूच वळले, तळहात बाहेरच्या बाजूला. पहिल्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्यानं घाबरून आपले हात मागं घेतले. कारण म्हाताऱ्या माणसानं तळहात उलटे करून आशीर्वाद दिला, तर तो आशीर्वाद नसतो. तो घराला लागतो, पोराबाळांना लागतो, आणि परत घेता येत नाही. अध्यक्षांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात कुणी नव्हतं.

येर्केगलीनं डोळे मिटले नाहीत. तेवढं तरी करायचं नाही, असं त्यानं ठरवलं. दे, तो मनात म्हणाला. मला दे. या सगळ्या चकचकीत बुटांना दे, या दोन हजार वर्षांच्या पुस्तकाला दे, आणि त्यांच्याआधी मला.

बाईंचे हात तसेच राहिले, एक श्वास, दोन श्वास. ओठ हलले नाहीत. मागच्या टेबलांवर अठरा-एकोणीस वर्षांचे नवे खलाशी बसले होते. त्यांतला कुणीतरी खोकला. बाईंची मान त्या खोकल्याकडे वळली आणि तिथंच थांबली. त्या पोरांना त्यांनी शिकवलेल्यांनी शिकवलं होतं, नोव्हेंबरात, समुद्रात.

त्यांनी हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. शिव्याही दिल्या नाहीत, शापही नाही, आशीर्वादही नाही. सुरीला हात लावला नाही. खांद्यावरचा जरीचा अंगरखा काढला, चाचपून नीट घडी घातली आणि मेंढ्याच्या डोक्याशेजारी ठेवली.

“आजी?” अध्यक्ष म्हणाले. “आजी, सगळे थांबलेत. आजी, जेवण गार होतंय...”

त्या उठल्या. टेबलांच्या कडेवर बोटं टेकवत, एकेक खुर्ची मोजल्यासारख्या चालू लागल्या. त्यांना वाट देण्यासाठी माणसं उठत होती, पण हात तसेच छातीपुढे उघडे, कारण ते मिटायचे कधी हे कुणालाच कळत नव्हतं. येर्केगलीच्या खुर्चीपाशी त्यांची बोटं त्याच्या खांद्याला लागली, पट्ट्यांना लागली, आणि लाकूड लागलं असतं तशी पुढं सरकली.

“बाई,” तो म्हणाला. “बाई, मी लिहून देतो. आज देतो. आत्ता देतो.”

तीनशे उघड्या हातांच्या मधून उलबोसिनबाई दारापर्यंत गेल्या, कनात बाजूला केली, आणि बाहेर पडल्या.